न मारलेली फुली

पाचशे कोटी वर्षांपूर्वी घडून गेलेल्या गोष्टीसाठी सकाळी सव्वासहाला माझं दार बडवणारा माणूस मला आयुष्यात एकच भेटला. "ऊठ, ऊठ! आत्याबाई भडकल्यात!" पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मी त्या घरात नवीन होते. मला वाटलं, खरंच कुणी आत्या गावाहून आल्यात आणि बाहेर भांडण जुंपलंय. ओढणी सावरत हॉलमध्ये आले तर सर एकटेच, बनियन आणि लेंगा घालून, कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बोट दाखवत उभे. पडद्यावर ठिपके होते. बरेचसे खाली ओळीत आणि एक जरा वर.

"बघितलंस?"

"बघितलं."

"काय बघितलंस?"

या प्रश्नाचं उत्तर मला त्या घरातल्या दीड वर्षात एकदाही देता आलं नाही.

आत्याबाई म्हणजे कन्या राशीच्या दिशेला असलेली एक दीर्घिका. तिच्या पोटात एक महाकाय कृष्णविवर आहे. ते आजूबाजूचं सगळं गिळत असतं आणि त्या गडबडीत काही भाग दोन बाजूंना भयंकर वेगानं बाहेर फेकला जातो. त्यातला एक झोत नेमका आपल्या रोखानं आहे. एरवी तो मंद असतो, पण मधूनच खवळतो आणि गॅमा किरणांचा भडका उडतो. दोन हजार आठ साली अमेरिकेनं असले भडके टिपणारा एक उपग्रह वर पाठवला आणि त्याचे आलेख इंटरनेटवर कुणालाही पाहता येऊ लागले. 'कुणालाही' या शब्दात आपण येतो हा शोध सरांनी लावला आणि तिथून आमच्या घराची झोप उडाली.

मूळ दीर्घिकेचं नाव म्हणजे एक रूक्ष आकडा होता. सरांना तो पसंत नव्हता. त्यांच्या साताऱ्याच्या एक आत्या होत्या म्हणे. लग्नकार्यात कोपऱ्यात गप्प बसून राहायच्या आणि पंगत बसता बसता कुणावर तरी फुटायच्या. म्हणून ही आत्याबाई. सरांच्या पाळतीवर आणखी चार-पाच दीर्घिका होत्या. त्यातली एक थोरले मेहुणे, एक मावसकाका, अशी सगळी भांडकुदळ मंडळी. सरांच्या बायकोला मी काकू म्हणायचे. काकू म्हणायच्या, "सिंगापुरात नातेवाईक नाहीत म्हणून मी रोज देवाचे आभार मानत होते. यांनी आकाशातून आणले."

सर माझे घरमालकही होते आणि साहेबही. यात दोष माझाच. मी पुण्याहून एम्प्लॉयमेंट पासवर आले त्या दिवशी चांगी बिझनेस पार्कमधल्या ऑफिसात सरांनी विचारलं, "राहायची सोय झाली का?" मी म्हटलं नाही. ते म्हणाले, "आमच्याकडे एक खोली रिकामी आहे. वुडलँड्सला." मी लगेच हो म्हटलं. नकाशा नंतर बघितला. ऑफिस बेटाच्या पूर्वेच्या टोकाला आणि वुडलँड्स उत्तरेच्या. तिथल्या बाराव्या मजल्यावरच्या माझ्या खिडकीतून पलीकडचं मलेशिया दिसायचं. म्हणजे रोज सकाळ-संध्याकाळ सव्वा-सव्वा तास एमआरटीत, म्हणजे तिथल्या मेट्रोत, सरांच्या शेजारी बसणं आलं. त्यांचा डबा ठरलेला, दार ठरलेलं. गाडीतला एसी बाधतो म्हणून ते गळ्यापर्यंत चेन ओढलेला विंडचीटर घालायचे. बाहेर घामानं माणसं निथळताहेत आणि हे निघालेत हिमालयात. सिटी हॉलला गाडी बदलेपर्यंत मी 'तू' असायचे. गाडी बदलली की ऑफिसची हद्द सुरू, मी 'तुम्ही' व्हायचे. येताना सिटी हॉलला पुन्हा 'तू'. एकदा एक वाक्य त्यांनी फलाटावर अर्धवट थांबवलं आणि पुढच्या गाडीत बसल्यावर उरलेलं आदरार्थी पूर्ण केलं.

स्टेशनजवळच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्यांच्या गर्दीत, ते कोपी म्हणजे तिथली कडक कॉफी घ्यायचे. कोपीवाले अंकल सत्तरीचे चिनी गृहस्थ होते. सरांनी त्यांनाही सोडलं नव्हतं. एका सकाळी त्यांच्या गल्ल्यासमोर उभं राहून आत्याबाईंचा सगळा इतिहास सांगितला, प्रकाशाला इथवर यायला पाचशे कोटी वर्षं लागतात हेही सांगितलं. मागे आठ माणसांची रांग. अंकलनी शांतपणे कप पुढे सरकवला आणि म्हणाले, "वा, सो फार आह? देन यू वरी फॉर व्हॉट?" एवढा मुद्द्याचा प्रश्न त्या विषयावर मी आजवर ऐकलेला नाही. सर मात्र गाडीत बसल्यावर म्हणाले, "माणूस अडाणी असला तरी जिज्ञासू आहे."

ऑफिसात आमचं काम पाळतीचंच होतं. एका बँकेच्या यंत्रणा नीट चालल्यात की नाही हे पडद्यावर बघत बसायचं आणि काही बिघडलं की इशारा द्यायचा. सर त्या विभागाचे प्रमुख. त्यांचं एक वाक्य आम्हां सगळ्यांना पाठ होतं: "आधी जवळचा संशयित." म्हणजे इशारा आला की लांबचं काही शोधू नका, आधी आपल्याच टेबलावर बघा. आपलीच वायर निघाली असेल, आपल्याच हातून काही राहिलं असेल. आणि त्यांचा एक नियम होता, तो त्या संपूर्ण बिझनेस पार्कमध्ये दुसरीकडे कुठेच नसेल. खोटा इशारा कुणी दिला असेल तर सोमवारच्या बैठकीत त्यानं सर्वांसमोर उभं राहायचं आणि स्वतःच्या तोंडानं म्हणायचं, 'इशारा माझा होता. चुकीचा होता.' कारण सांगायचं आणि बसायचं. नियमाचा दुसरा भागही होता. ज्याला चूक दिसली होती आणि तरी जो गप्प बसला, त्यानंही उभं राहायचं. दोघंही बोलून झाले की मगच सर नोंदीपुढे 'बंद' असं लिहायचे. तोपर्यंत ती नोंद उघडी.

मला नोकरी लागून तीन महिने झाले होते तेव्हा मी असा एक इशारा दिला. एक यंत्रणा एकदम मंदावली, मी घाबरून लंडनपर्यंत सगळ्यांना कळवलं. नंतर निघालं की माझाच एक चाचणीचा प्रोग्रॅम मी बंद करायला विसरले होते आणि त्यानंच सगळं अडवून ठेवलं होतं. शेजारच्या टेबलावरच्या चिनी मुलाला तो चालू दिसला होता, पण तो बोलला नव्हता. सोमवारी आम्ही दोघंही उभे राहिलो. चाळीस माणसं, काचेची खोली. मी इंग्रजीत ती दोन वाक्यं म्हटली तेव्हा माझा आवाज फाटला. सरांनी मान हलवली, जणू मी शाळेत कविता म्हणून दाखवत होते. संध्याकाळी सिटी हॉलला गाडी बदलल्यावर म्हणाले, "तू जेवणार आहेस ना? काकूनं थालीपीठ केलंय." मी जेवले. पण ती काचेची खोली मी विसरले नाही. मनात म्हटलं, तुमचीही पाळी येऊ दे एकदा.

आता कॅलेंडरचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्या कॅलेंडरनं केलं.

दर डिसेंबरात पुण्याहून कुणीतरी भिंतीवरचं मराठी कॅलेंडर आणायचं. इतर घरांत ते चतुर्थी-एकादशीसाठी असतं. आमच्या घरात ते विश्वसंशोधनाचं उपकरण होतं. सरांनी मला एमआरटीत हे समजावलं होतं, आणि त्यांच्या शेकडो व्याख्यानांतलं एवढं एकच माझ्या डोक्यात टिकलं. चंद्रही गॅमा किरण फेकतो. अवकाशातून येणारे कण त्याच्यावर सतत आदळत असतात, त्यातून ते निघतात. सूर्याच्या उजेडाचा त्याच्याशी काही संबंध नाही. म्हणून गॅमा किरणांत चंद्राला कला नाहीत, तो रोज पौर्णिमेचाच. आणि आत्याबाई बसल्या आहेत नेमक्या चंद्राच्या वाटेवर. महिन्यातून एकदा तो त्यांच्या अगदी जवळून जातो, आणि त्या दिवशी सरांच्या बेरजेत त्याचेही किरण आत्याबाईंच्या नावावर चढतात. तेव्हा तो दिवस सोडून द्यायचा. आता चंद्र कधी जाणार हे कसं कळावं? सरांनी हिशेब करून पाहिला, आत्याबाईंची जागा हस्त नक्षत्रात पडत होती. कॅलेंडरच्या प्रत्येक चौकोनात त्या दिवशीचं नक्षत्र बारीक अक्षरात छापलेलं असतंच. झालं. नवं कॅलेंडर आलं की सर लाल पेन्सिल घेऊन बसायचे आणि जिथे जिथे 'हस्त' दिसेल तिथे भली मोठी फुली मारायचे. शास्त्रज्ञ लोक यासाठी काय काय करत असतील देव जाणे. सरांचं काम लाल पेन्सिलीवर चालायचं, आणि बरं चालायचं.

त्या वर्षी फुल्या मारता मारता सर ऑक्टोबरच्या पानावर आले आणि काकू स्वयंपाकघरातून ओल्या हातांनी धावत आल्या.

"अहो, तिथे नाही! लक्ष्मीपूजन आहे ते."

"हस्त आहे त्या दिवशी."

"असू दे. लक्ष्मीच्या दिवसावर लाल फुली? वर्षभर भिंतीवर? मला नाही चालायचं."

"अगं, हे शास्त्र आहे."

"मग हे माझं शास्त्र समजा."

मी सोफ्यावर बसून हे सगळं मजेत बघत होते. ज्या माणसापुढे ऑफिसात चाळीस जण चळचळा कापायचे, त्यानं पेन्सिल खाली ठेवली. "बरं," सर म्हणाले. "मी लक्षात ठेवीन." काकूंनी त्या चौकोनावर लक्ष्मीचं टिकलीएवढं चित्र चिकटवून टाकलं, म्हणजे वादच नको. खाली 'हस्त'मधलं 'ह' तेवढं डोकावत राहिलं.

मंडळाचंही थोडं सांगते. सिंगापुरातल्या आमच्यासारख्या मराठी लोकांचं एक लहानसं मंडळ होतं. त्याचे सचिव महागड्या कॉन्डोत राहणारे बँकर होते आणि वुडलँड्सचा उल्लेख ते परदेशासारखा करायचे. "अजून तिकडेच का तुम्ही?" सर सहा वर्षं मंडळाकडे एकच मागणी करत होते, दिवाळीच्या कार्यक्रमात पंधरा मिनिटं बोलायला द्या. सहा वर्षं त्यांना खुर्च्या मांडायचं काम मिळालं. ते खुर्च्याही दोरी लावून मांडायचे. विषय विचारला तर सर सांगायचे, "दूरच्या दीर्घिकांमधले गॅमा किरणांचे भडके." सचिव म्हणायचे, "छान, छान. पण लेडीज आणि मुलांसाठी काही असेल तर बघा ना." त्या वर्षी मात्र नाट्यप्रवेशातला एक नट आयत्या वेळी मुंबईला बदलून गेला आणि फराळाआधी नेमकी पंधरा मिनिटं मोकळी राहिली. सरांना बोलावणं आलं. दिवाळीनंतरचा रविवार.

काकू मला एकदा भाजी निवडताना म्हणाल्या होत्या, "हसतेस काय? त्यांना फिजिक्स करायचं होतं गं. घरच्यांनी कॉम्प्युटरला घातलं. बोलत नाहीत कधी." मी हसू आवरलं आणि खोलीत जाऊन पुन्हा हसले. त्या वयात मला ते मजेशीर वाटलं, दुसरं काही नाही. सरांची सोळा वर्षांची मुलगी माझ्याहून वाईट होती. मैत्रिणींसमोर बाप गॅमा किरणांबद्दल बोलायला लागला की ती डोळे मिटून घ्यायची. "बाबा, प्लीज लाह. नोबडी आस्क." त्या पंधरा मिनिटांना ती येणार नव्हती. सर तिला रोज विचारायचे, सहज विचारल्यासारखं दाखवून. "येशील ना रविवारी?" ती म्हणायची, "सी हाऊ." म्हणजे, बघू.

लक्ष्मीपूजनाला काकूंनी फ्लॅटच्या दाराबाहेर पणत्या लावल्या. शेजारच्या मलाय बाई मुलांना घेऊन बघायला आल्या. काकू मुलीला सांगत होत्या, "आज अमावस्या. चंद्र नसतो, म्हणून दिवे लावायचे."

मुलगी करंजी खात म्हणाली, "मून वेअर गॉट गो? स्टिल देअर व्हॉट. जस्ट कॅनॉट सी."

सर आनंदानं उडालेच. "बरोबर! अगदी बरोबर! गॅमामध्ये तर आज पौर्णिमा आहे, पौर्णिमा!" मुलीनं डोळे मिटून घेतले. हे वाक्य सरांनी स्वतः, हातात प्रसादाच्या लाह्या-बत्तासे घेऊन, सात माणसांच्या साक्षीनं उच्चारलं होतं. लक्षात ठेवा.

त्या महिन्यात सूर्यही आत्याबाईंच्या अंगावरून गेला होता. त्याच्यामुळे सरांना आठवडाभर काम बंद ठेवावं लागलं होतं आणि ते उपाशी माणसासारखे झाले होते. भाऊबीजेच्या संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर त्यांनी विंडचीटरही न काढता कॉम्प्युटर लावला, आणि हॉलमधून जी आरोळी आली ती अजून माझ्या कानात आहे. शनिवारचा ठिपका. आत्याबाई कित्येक पटींनी वर. आणि जगात अजून कुणीही त्याची बातमी दिलेली नव्हती. सरांनी तीन वेळा तपासलं. शास्त्रज्ञ एखादा भडका दिसला की लगेच एकमेकांना कळवतात, आणि जो पहिल्यांदा कळवतो त्याचं नाव राहतं. 

त्यांनी युरोपातल्या एका संशोधकाला मेल लिहिली आणि मला हाक मारली. "तुझं इंग्रजी बरं आहे. एकदा बघ. पाठवायची घाई आहे."

मी खुर्चीत बसले. सर माझ्या मागेच उभे होते. मेलमध्ये तारीख होती, शनिवार. मी ती तारीख वाचली आणि माझी मान आपोआप भिंतीकडे वळली. कॅलेंडरवर, शनिवारच्या चौकोनात, टिकलीएवढी लक्ष्मी. तिच्याखालून डोकावणारं 'ह'. मला सगळं एका क्षणात समजलं. दीड वर्ष एमआरटीत जे डोक्यावरून गेलं होतं, ते नेमकं तेव्हा डोक्यात शिरलं. पाचशे कोटी वर्षांचा प्रवास करून काहीही आलेलं नव्हतं. आपला शेजारचा चंद्र तेवढा जाता जाता मध्ये कडमडला होता.

एक वाक्य बोलायचं होतं. 'सर, त्या दिवशी हस्त होतं.' संपलं असतं. त्यांनी कपाळाला हात लावला असता, काकूंकडे बघितलं असतं, आणि आम्ही भाऊबीजेचं जेवलो असतो.

मला ती काचेची खोली आठवली.

"काय गं?" मागून सरांनी विचारलं. "काही चुकलंय?"

"नाही," मी म्हटलं. "एक स्वल्पविराम राहिला होता."

मी स्वल्पविराम घातला. त्यांनी मेल पाठवली.

पुढचे पाच दिवस सर हवेत होते. ऑफिसात खोट्या इशाऱ्यावर एक मुलगी सापडली तर तिला म्हणाले, "होतं असं." आम्ही एकमेकांकडे बघायलाच लागलो. मंडळाच्या सचिवांना त्यांनी फोन करून कळवलं की भाषणाचा विषय थोडा बदलतोय, एक घोषणा आहे. 'घोषणा' म्हटल्यावर सचिवांनी वीस मिनिटं दिली. मुलीनं विचारलं, "बाबा, रिअली फर्स्ट इन द वर्ल्ड?" आणि रविवारी येते म्हणाली. सरांनी विंडचीटर इस्त्री केला. मी हे सगळं बघत होते आणि रोज ठरवत होते की आज सांगायचं. रोज सांगायचं राहून जात होतं. खरं सांगायचं तर मला मजाही येत होती.

रविवारी दुपारी, निघायच्या तासभर आधी, उत्तर आलं. अडीच ओळी. आपल्या उत्सुकतेबद्दल आभार. त्या दिवशी चंद्र त्या दीर्घिकेच्या अगदी जवळून गेला, आमच्याकडेही तो दिसला, आम्ही तो वजा केला. शुभेच्छा. सरांनी उत्तर उभ्यानं वाचलं. मग भिंतीपाशी गेले, लक्ष्मीच्या चित्राचं टोक नखानं थोडं उचललं, खाली बघितलं आणि पुन्हा नीट चिकटवलं. काकू आतून विचारत होत्या, "मी पैठणी नेसू का साधी?" ते म्हणाले, "पैठणी नेस."

एमआरटीत कुणाला काहीच सांगितलं नाही त्यांनी. मी मनाशी पैज लावली, हा माणूस आता तब्येतीचं कारण काढून निसटणार. नाहीतर भडका झालाच असं ठोकून देणार, त्या हॉलमध्ये कुणाला काय कळतंय? मी मुद्दाम पुढच्या रांगेत बसले.

सर माइकपाशी गेले. समोर दीडशे माणसं, निम्म्यांचं लक्ष मागच्या टेबलावरच्या चकलीकडे. सरांनी दोन्ही हात बाजूला सरळ ठेवले, सोमवारी आम्ही ठेवायचो तसे.

"मी एक इशारा दिला होता," ते म्हणाले. "इशारा माझा होता. चुकीचा होता."

मग त्यांनी कारण सांगितलं. चंद्र, हस्त नक्षत्र, गॅमातली पौर्णिमा, सगळं. म्हणाले, "त्या दिवसावर फुली मारायला हवी होती. ती मी मारली नाही." एवढंच. का मारली नाही, कुणी मारू दिली नाही, याचा एक शब्द नाही. पैठणीतल्या काकू तिसऱ्या रांगेत होत्या. त्यांचा हात तोंडावर गेलेला मी पाहिला. सर पुढे म्हणाले, "आमच्या ऑफिसात मी नेहमी सांगतो, आधी जवळचा संशयित. चंद्राहून जवळचं आकाशात काही नाही. मी पाचशे कोटी वर्षं लांब बघत राहिलो. आभारी आहे." वीसपैकी चार मिनिटं झाली होती.

टाळ्या पडल्या. कडकडून पडल्या, कारण लवकर संपलं होतं. सचिव शाल घेऊन धावत आले आणि माइक ओढून म्हणाले, "वुडलँड्ससारख्या लांबच्या ठिकाणी राहून आपल्या सरांनी चंद्राचा हा जो शोध लावला..." सर माइककडे वाकून म्हणाले, "शोध नाही. चूक आहे." सचिव गहिवरले. "हा विनय बघा! हा विनय आहे!" आणि शाल घातली. विंडचीटरवर. लोक उभे राहिले. आजही त्या मंडळात कुणाला विचारा, वुडलँड्सच्या एका गृहस्थांनी चंद्रावर काहीतरी शोधलं होतं असंच सांगतील.

टाळ्या न वाजवता बसलेली फक्त दोन माणसं होती. एक मी. दुसरी सरांची मुलगी, ती रडत होती. परत येताना गाडीत ती बापाच्या शेजारी बसली, त्याच्या दंडाला दंड लावून, आणि वुडलँड्स येईपर्यंत हलली नाही. माझी जागा तिनं घेतली होती. मी समोर उभी राहिले.

डिसेंबरात नवं कॅलेंडर आलं. काकूंनी ते सरांच्या आधी हातात घेतलं, दिवाळीचं पान काढलं आणि लक्ष्मीपूजनाच्या चौकोनावर स्वतःच्या हातानं लाल फुली मारली, नीट गिरवून. मुलगी खांद्यावरून बघत म्हणाली, "आई, नेक्स्ट इयर दॅट डे मून नॉट देअर व्हॉट. नो नीड." खरंच, त्या चौकोनात हस्त नव्हतं. सरांनी बघितलं आणि म्हणाले, "राहू दे." दिवाळीचा एक चांगला, स्वच्छ दिवस त्या माणसानं त्या फुलीसाठी सोडून दिला.

जानेवारीत मी बुकित पंजांगला दोन मैत्रिणींबरोबर राहायला गेले. प्रवासाचं कारण सांगितलं. सामान बांधायच्या दिवशी घरात कुणी नव्हतं आणि हॉलच्या टेबलावर सरांची भडक्यांची वही होती. सर घरातही ऑफिससारखीच नोंद ठेवायचे. मी ती उघडली. शनिवारची नोंद सापडली. 'आत्याबाई. मोठा भडका. इशारा दिला. चुकीचा, चंद्र. मंडळात उभं राहून सांगितलं.' आधीच्या सगळ्या नोंदींपुढे 'बंद' असं लिहिलेलं होतं. या नोंदीपुढची जागा कोरी होती.

ते त्या संध्याकाळी माझ्या खुर्चीमागेच उभे होते. मी कॅलेंडरकडे किती वेळ बघत राहिले होते हे मला माहीत नाही, त्यांना माहीत असणार. त्यांनी मला कधी विचारलं नाही. त्यानंतरचे सगळे सोमवार मी त्या काचेच्या खोलीत त्यांच्यासमोर बसत होते, आणि ते कागदांवरून मान वर करून दर वेळी विचारायचे, "आणखी कुणी?" मी नखांकडे बघत बसायचे. वर्षभरानं मी पुण्याला परत आले.

सर, तुमची थट्टा मी पुष्कळ केली, याही पानांवर केली. आता उभी राहते. त्या शनिवारी हस्त होतं, ते मला दिसलं होतं. मी गप्प बसले. वही अजून असेल तर त्या नोंदीपुढे लिहा, बंद.